मुलांचे वर्ष संपते, दुकान एक दिवस बंद

व्यापारी मुसलमानाच्या घरी वर्ष तीन वेळा संपते. रमजानमध्ये जकातीचा हिशेब होतो, ३१ मार्चला सरकारी हिशेब मिटतो आणि १ मेच्या आसपास मुलांच्या शाळेचा निकाल लागतो. पहिल्या दोन हिशेबांसाठी आपण रात्री जागतो, जुन्या वह्या काढतो, उधारीवाल्यांकडे माणसे पाठवतो. तिसरा हिशेब मात्र घरातील बायकांवर सोपवलेला असतो. मुलगा प्रगतिपुस्तक घेऊन दुकानावर येतो, सेठ गिऱ्हाईकाला ताका उलगडून दाखवता दाखवता त्यावर एक नजर टाकतात, गल्ल्यातून एक नोट काढून त्याच्या हातावर ठेवतात आणि पुन्हा पन्ना मोजायला लागतात. मालेगावच्या बाजारात हे दृश्य आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आलो आहोत.

या पानावर सुताचे भाव, विजेचे दर, उधारीची वसुली हे विषय नेहमी येतात. मुलांची सहल हा विषय इथे कशाला, असे काही बांधव विचारतील. आमचे म्हणणे असे की, ज्या घरात तीन पिढ्या कापडावर जगल्या, त्या घरातील लहान मुलांनी निकालानंतरचा दिवस कोणाबरोबर आणि काय पाहण्यात घालवला याचा धंद्याशी संबंध आहे. आणि ज्यांच्या हातांनी आपल्या गठाणी बांधल्या जातात, त्यांच्या मुलांचा तो दिवस कसा जातो याचा तर फारच जवळचा संबंध आहे. त्याविषयी पुढे लिहू.

दिवस कोणता धरावा

ईद आणि निकाल यांची गाठ दर वर्षी बदलत जाते. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे करोनामुळे शाळाच बंद होत्या. २०२२ साली शाळा एप्रिलअखेरपर्यंत चालल्या आणि रमजान ईद ३ मेला आली. मुलांच्या परीक्षा रोज्यांत, निकाल ईदच्या गर्दीत. त्या वर्षी कापडवाल्याला मान वर करायला वेळ नव्हता. २०२५ मध्ये तर ईद नेमकी ३१ मार्चला आली, म्हणजे सरकारी वर्षअखेर आणि ईद एकाच दिवशी. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, त्यामुळे मे महिना आता रमजानपासून मोकळा झाला आहे. मात्र बकरी ईद त्यात शिरते आहे. २०२८ च्या सुमारास बकरी ईद आणि निकाल जवळजवळ एकाच आठवड्यात येतील. ज्यांना पुढचे पाहून चालायची सवय आहे त्यांनी हे आताच डायरीत लिहून ठेवावे.

आम्ही ग्रे कापडाचे व्यापारी. शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे आमचाही बाजार बंद. म्हणून निकालानंतरचा पहिला शुक्रवार आम्ही सहलीसाठी धरतो. किरकोळ दुकानदारांचे तसे नाही. कारागीर शुक्रवारीच बाजारात उतरतो, तोच त्यांच्या गिऱ्हाइकीचा दिवस. त्यांनी मंगळवार किंवा बुधवार धरावा. शिवाय मेमध्ये लग्नसराई आणि मेअखेरीपासून गणवेशाची गर्दी, म्हणून जे करायचे ते पहिल्या पंधरवड्यातच.

काळा झगा आणि चौकोनी टोपी

आमच्या लहानपणी उर्दू शाळेत निकाल म्हणजे पटांगणात रांग आणि उस्तादांच्या तोंडून नाव. नाव आले की पळत घरी. मोहल्ल्यात बत्तासे वाटले जात. आता इंग्रजी माध्यमाच्या बालवाड्यांनी नवी प्रथा आणली आहे. सीनियर केजी संपले की पाच-सहा वर्षांच्या मुलांना काळा झगा, चौकोनी टोपी आणि गोंडा घालून मंचावर उभे करतात, हातात गुंडाळलेला कागद देतात आणि त्याला ग्रॅज्युएशन म्हणतात. आमचा नातू गोंडा तोंडात धरून उभा होता. फोटो मात्र छान आला, माशाअल्लाह.

आम्ही कापडवाले, कापड खपते याचे दुःख आम्ही का करावे? एका लहान झग्याला दीड-दोन मीटर सॅटिन जाते, शिलाई वेगळी, टोपी वेगळी. पण अर्धा तास अंगावर राहणारा हा झगा प्रत्येक बापाने नवा घ्यायचा, त्याखाली नवे बूट, वर फोटोवाल्याचे पैसे, संध्याकाळी केक. ज्याचा बाप रोजावर आहे तो हे सर्व उसने घेऊन करतो, कारण आपलेच मूल मंचावर वेगळे दिसावे असे कोणत्या बापाला वाटेल? एका शाळेला आम्ही असे झगे कापडाच्या खरेदीभावात शिवून दिले. अट एकच घातली की ते शाळेच्या कपाटात राहतील आणि दर वर्षी त्या वर्षीच्या मुलांना घालायला मिळतील. चांगल्या सॅटिनचा झगा दहा वर्षे टिकतो, फक्त गोंडे बदलावे लागतात. आपल्या पेठेतील इतर बांधवांनीही आपापल्या भागातील शाळांना असे विचारून पाहावे. यात नफा नाही, पण त्या शाळेच्या गणवेशाची चौकशी नंतर कोणाकडे येते हे सांगायला नको.

घरातील खुशी आमच्याकडे साधी असते. निकालाच्या संध्याकाळी जर्दा शिजतो. मुले एकेक करून आपल्या परदादीसमोर वर्षभरात शिकलेली एखादी गोष्ट करून दाखवतात. कोणी तेराचा पाढा म्हणतो, कोणी तख्तीवर आपले नाव लिहून दाखवतो. सर्वांत धाकटी एबीसीडी म्हणताना मधेच अडकली आणि जर्द्याच्या ताटाकडे वळली. बक्षीस सर्वांना सारखे. पहिला आलेला आणि काठावर उतरलेला, दोघांनाही तीच रंगपेटी. यावर आमच्या मुलाने हरकत घेतली होती की, मग मेहनत करणाऱ्याला काय मिळाले? त्याची हरकत अगदीच चूक नाही. पण या बाजारात भावाभावांच्या पेढ्या फुटताना आम्ही पाहिल्या आहेत, आणि त्यांतील काहींचे मूळ शोधत गेलो तर ते हिशेबात सापडले नाही. एकाला लहानपणापासून घरात हुशार म्हटले गेले आणि दुसऱ्याला ढ, तिथे ते सापडले.

तेरा माणसे, सहा तिकिटे

आता सहल. लोकांना वाटते सहल म्हणजे गाडी ठरवा, हॉटेलात जेवा, पाण्याच्या खेळांचे तिकीट काढा. आमचा हिशेब पाहा. दोन पुरुष, चार स्त्रिया, पाच ते बारा वर्षांची पाच मुले आणि पाचच्या आतील दोन, एकूण तेरा माणसे. एस.टी.त स्त्रियांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना पूर्वीपासूनच अर्धे, पाचच्या आतील मुलांना माफ. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, म्हणजे आमच्या वालिदांचे तिकीटच नाही. पुरुषांची दोन, तीन स्त्रियांची दीड, मुलांची अडीच. तेरा माणसे सहा तिकिटांत जातात. वालिदांचे आधारकार्ड मात्र बरोबर ठेवावे लागते.

हे पैसेही गल्ल्यातून काढायचे नाहीत अशी आमच्याकडे पद्धत आहे. गोदामात वर्षभर बारदान, चिंध्या, पुठ्ठ्याच्या नळ्या निघतात. भंगारवाला त्याचे जे देईल ते वेगळ्या डब्यात पडते आणि त्या डब्याला मुलांचा डबा म्हणतात. त्यामुळे मुले नळ्या फेकू देत नाहीत. एका नातवाने तर रस्त्यावरून दुसऱ्याच्या गोदामाच्या नळ्या उचलून आणल्या होत्या, त्या परत पाठवाव्या लागल्या.

कपड्यांविषयी आमचा एक नियम आहे, तो कापडवाल्याचा म्हणून सांगतो. सहलीला नवे कपडे नाहीत. प्रत्येक मुलाने संपलेल्या वर्षाचा गणवेश घालायचा. तो तसाही आखूड झालेला असतो, मळला, फाटला, आंब्याचे डाग पडले तरी कोणी रागवत नाही. मुले मोकळी राहतात. दुसरा फायदा असा की, सेठचा नातू आणि गठाण बांधणाऱ्याची मुलगी दोघे जुन्या गणवेशात सारखेच दिसतात. जो गणवेश धड उरेल तो धुऊन, बटणे लावून खालच्या वर्गातील मुलाला द्यायचा. आणि जूनमध्ये नवा शिवताना शिंप्याला सांगून पँटच्या पायाला आणि फ्रॉकच्या घेराला तीन बोटे दुमड ठेवून घ्यावी, म्हणजे दिवाळीनंतर सोडता येते. सुती कापड असेल तर आधी भिजवून मगच शिवावे.

स्त्रियांविषयीही एक गोष्ट. बऱ्याच घरांत सहल म्हणजे बायकांनी पहाटे तीनला उठून पन्नास पराठे लाटायचे आणि दुसऱ्या गावी जाऊन तेच वाढायचे. आमच्या घरी आता पाव, उकडलेली अंडी, काकडी, आंबे एवढेच नेले जाते आणि ते वाहून नेणे पुरुषांकडे असते. सूनबाईंनी पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही.

उन्हाचे भान ठेवले पाहिजे. आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ पर्यंत जातो. लहान मुलांना घेऊन किल्ला चढण्याचे दिवस हे नव्हेत. गाळणा हिवाळ्यात पाहावा. धरणाच्या पाण्याजवळ तर मुलांना नेऊच नये, दर मेमध्ये बुडाल्याच्या बातम्या येतात. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे पाणी दोन बाटल्या बरोबर असावे. ते त्याच दिवशी संपवावे.

हात आणि यंत्र

आम्ही गेल्या वेळी येवल्याला गेलो. फजर होताच निघालो. मालेगावहून मनमाडमार्गे पासष्ट किलोमीटरच्या आसपास, शिर्डी-पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या तिथूनच जातात. मनमाडच्या अलीकडे-पलीकडे डोंगर दिसू लागतात आणि अंगठा वर केल्यासारखा तो सुळका, हडबीची शेंडी, दिसला की गाडीतील सगळी मुले अंगठे दाखवू लागतात. कंडक्टरनेही दाखवला.

येवला पैठणीचे गाव. बेंगळुरूकडचे रेशीम, सुरतेची जर आणि येवल्याचे हात. ओळखीच्या एका विणकराला आधी फोन करून ठेवला होता, कारण न सांगता कोणाच्या मागावर वीस माणसे नेऊन उभी करणे बरे नाही. मुलांना दोनच सूचना होत्या: रेशमाला हात लावायचा नाही आणि साडीची किंमत विचारायची नाही.

आमच्या मुलांना सर्वांत पहिले नवल वाटले ते शांततेचे. मालेगावच्या मुलाने मागाचा आवाज पोटातून ऐकलेला असतो. खटखटाटात बोलायचे म्हणजे ओरडायचे, हेच त्याला ठाऊक. इथे विणकर खड्ड्यात पाय सोडून बसला आहे, हात चालू आहेत आणि तो मुलांशी हळू आवाजात बोलतो आहे. पदरावरचा मोर तो लहान लहान तिल्ल्यांवर गुंडाळलेल्या रंगीत रेशमाने एकेक करून भरत होता. रंग बदलला की तिल्ली बदलायची, धागा धाग्यात अडकवायचा. म्हणून अस्सल पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो. विणकराने आरसा खाली धरून मुलांना मागची बाजू दाखवली. तिसरीतल्या नातीने विचारले, "चाचा, दिवसाला किती मीटर होते?" ते हसले आणि म्हणाले, "बेटा, पदर असेल तर बोटांवर मोजायचे." आपला साधा लूम एका पाळीत तीस-चाळीस मीटर कापड टाकतो, हे तिला घरात ऐकून माहीत होते. तिने बोटे पाहिली, मागाकडे पाहिले आणि गप्प बसली. हा हिशेब तिला कोणत्याही पुस्तकातून कळला नसता.

तासाभराने धाकटी मुले कंटाळली, त्यांना घेऊन स्त्रिया सावलीत गेल्या. लहान मुलांसाठी एक तास पुष्कळ झाला, ताणू नये. आम्ही साडी घेतली नाही, मात्र विणकराचा मोडलेला तास आम्ही फुकट घेतला नाही. जेवण, जुम्याची नमाज, मग मुलांची झोप. उन्हे उतरल्यावर परतताना मनमाडला उतरलो आणि दहा रुपयांचे प्लॅटफॉर्म तिकीट काढून स्टेशनवर बसलो. मुंबई-भुसावळ लाइन, दौंडची लाइन, नांदेडकडे जाणारी लाइन, सतत गाड्या. एका मालगाडीचे डबे मोजताना ५२ की ५३ यावर मुलांत भांडण झाले. आमच्या धाकट्या नातवाला विचाराल तर सहलीत फक्त मनमाड स्टेशन होते, येवला त्याला आठवतही नाही.

पुढच्या वर्षी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुने औरंगाबाद, असा विचार आहे. तिथे एक मुक्काम लागेल. हिमरूचे माग आता थोडे उरले आहेत, ते मुलांनी पाहावेत. पाणचक्कीत मातीच्या नळांतून डोंगराकडचे पाणी आणून त्यावर दळण दळले जाई, तेही यंत्र पाहणाऱ्या मुलांच्या कामाचे आहे. बीबी का मकबरा तर आहेच. तवारीखनाम्यात त्याचा बांधकामखर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे लिहिलेला सांगतात. बादशाही कारखान्यातला मुनीमसुद्धा सात आणे सोडत नव्हता, हे आमच्या दुकानातल्या पोरांना दाखवायचे आहे.

कांडीवर बसणारी मुले

आमच्या गोदामात गठाणी बांधणारे एक भाई आहेत. त्यांची मुलगी तिसरी पास झाली. आम्ही त्यांना म्हणालो, शुक्रवारी तिलाही पाठवा. ते म्हणाले, "सेठ, एक दिवस फिरून काय होणार? बाकी दीड महिना ती घरी बसून काय करणार? शेजारच्या कारखान्यात कांडी भरायला बसवतो. चार पैसे येतील, ध्यान लागेल."

बांधवांनो, हा आपल्या गावातील जुना रस्ता आहे आणि तो मे महिन्यातच सुरू होतो. मूल सुट्टीपुरते कांडीवर बसते. आठवड्याला पैसे हातात येतात, घरात त्यांची सवय होते. जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा पहिला आठवडा जाऊ दे म्हणतात, मग आणखी थोडे दिवस जाऊ दे म्हणतात. पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तके मोफत मिळतात, म्हणजे शाळेचा खर्च हे कारण फारसे उरत नाही. मूल सुटते ते दीड महिन्याच्या सुट्टीत. त्याच घरातील मोठा मुलगा तीन वर्षांपूर्वी असाच बाराव्या वर्षी सुट्टीत कांडीवर बसला होता, तो आज पंधराचा आहे आणि शाळेत परत गेलेला नाही.

कारखानदारांनी कायदाही लक्षात घ्यावा. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही. शाळेनंतर किंवा सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाच्या धोका नसलेल्या कामात मदत करण्याची सूट आहे. शेजाऱ्याचा कारखाना हे कुटुंब नव्हे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पण कायद्याच्या भीतीने बाप मुलीला कांडीवरून उठवून घरी बसवील, शाळेत पाठवीलच असे नाही.

आमच्या थोरल्या सूनबाईंनी यावर तोड काढली. सुट्टीत रोज सकाळी आठ ते दहा आमच्या ओट्यावर आमची नातवंडे आणि गोदामातील माणसांची मुले एकत्र बसतात. वाचन, शुद्धलेखन, थोडे गणित, उरलेला वेळ खेळ. सहलीला तीच मुले बरोबर येतात, ओट्यावर नाव असेल तर सहलीत नाव. भाईंना हे सांगितल्यावर त्यांनी दोन दिवस उत्तर दिले नाही. मग गुरुवारी संध्याकाळी मुलगी जुना गणवेश इस्त्री करायला आमच्याकडे घेऊन आली. त्यांच्या घरी इस्त्री नाही. जूनमध्ये ती चौथीत बसली आहे.

तिचा मोठा भाऊही येवल्याला आला होता, पाण्याचे कॅन उचलायला म्हणून. मुले कंटाळून बाहेर गेली तरी तो मागाजवळून हलला नाही. ताना कसा जोडता, जर तुटली तर काय करता, हात बसायला किती दिवस लागतात, असे तो एकामागून एक विचारत राहिला. विणकरांनी सांगितले की, साधे काठ यायला वर्ष, पदर यायला त्याहून अधिक, आणि शिकताना पैसे थोडेच. परतीच्या गाडीत त्याने आम्हाला विचारले की, सेठ, मी शिकायला गेलो तर ते ठेवून घेतील का? विणकरांशी आम्ही फोनवर बोललो आहोत, ते पावसाळ्यानंतर पाठवा म्हणाले. राहण्याची सोय होऊ शकते. त्याचा बाप अजून हो म्हणालेला नाही, कारण लूमवरचा त्याचा पगार आज घरात येतो आहे आणि येवल्याचा यायला दोन वर्षे लागतील. निम्मी भर आम्ही घालू असे कळवले आहे. बोलणे चालू आहे.